कोपरातले चेंडू

माणसाच्या कोपरात किती चेंडू शिल्लक आहेत हे सांगणारी बाही आमच्या घरात आली ती सुनेच्या हातून. सून येऊन आठ वर्षं झाली होती, बाही गेल्या दिवाळीनंतरची. पण मला विचाराल तर दोघी एकाच दिवशी उंबरा ओलांडून आल्या, कारण त्याआधी सुनेकडं मी नीट बघितलंच नव्हतं. बघण्यासारखं काही तिच्या हातात नव्हतं.

मी शालन हेंबाडे. मंगळवेढ्याचा मुलींचा बेसबॉलचा संघ माझा. शाळा चौथीपर्यंत, तीही हजेरीपुरती. संघाचं नाव मालदांडी, आमच्या ज्वारीवरून. संघ काढला तेव्हा बेसबॉल कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं. तालुक्याच्या शाळेत खेळाचे मास्तर पोरींकडून चेंडू फेकून घेत होते. मी कुंपणाबाहेर उभी राहून बघत होते. ज्या पोरी थंडीत शेतातल्या माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं हाकतात, त्यांचाच चेंडू सुतात जात होता. बाकीच्यांचा कुठंही. म्हटलं, खेळ आमचाच आहे, नाव तेवढं परक्याचं.

ज्यांना खेळ कळत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. चेंडू टाकणारीला पिचर म्हणतात आणि सगळा सामना तिच्या हातावर चालतो. एका सामन्यात पूर्ण जोराचे ऐंशी चेंडू जातात. मग तो हात चार दिवस गप ठेवावा लागतो. म्हणून पिचर पाच ठेवायच्या, एकीमागं एक लावायच्या. आम्ही त्याला फेरा म्हणतो. शिमग्यानंतर राज्याची लीग सुरू झाली की वैशाख संपेपर्यंत तोच फेरा फिरतो. फेऱ्यातली पहिली म्हणजे मान. तिचं नाव चौकातल्या फळ्यावर लागतं, सोयरिकीच्या बोलण्यात निघतं, आणि तिच्या आईचं चालणं बदलतं.

बारा वर्षं हा फेरा मी लावला. आमच्याकडं वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पाच दगड मांडतात, पाच पांडव म्हणून. पूजा झाली, आंबील शिंपडली, भज्जी-भाकरी झाली, की एकेक पोर माझ्यापुढं बसायची आणि उजवा हात माझ्या मांडीवर ठेवायची. मी करंजाच्या तेलात अंगठा बुडवून कोपराच्या आतल्या बाजूला दाबायची. दाबून झालं की पाच दगडांना पाच नावं द्यायची. त्यावर कुणी बोलायचं नाही.

लोक म्हणायचे, आक्काच्या अंगठ्यात डोळा आहे. म्हणू दिलं. खरी गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, इथं पहिल्यांदा लिहिते. अंगठ्याला थोडंफार कळतं, ऊन लागतं, मऊ लागतं. पण मी कोपराकडं बघतच नाही. मी पायाच्या बोटांकडं बघते. पोरीचं तोंड खोटं बोलतं, डोळे खोटं बोलतात. दुखत असेल तर पायाची बोटं मात्र आत वळतात. शेतात पूजेला सगळ्या अनवाणी असतात, म्हणून फेरा शेतात लावायचा. एवढीच माझी विद्या.

आता सून. ऋजुता, माहेर साताऱ्याचं, पुण्याला खेळाडूंच्या सांध्यांचं शिक्षण घेतलेली. माझा लेक पिठाच्या कारखान्यात असतो आणि आम्हा दोघींच्या मधे कधी उभा राहत नाही. तेवढा शहाणा मी त्याला केलाय. ऋजुता सात वर्षं तेलाची बरणी उचलून द्यायची, पोरींच्या पायाला पट्ट्या बांधायची. आठव्या वर्षी तिनं खोकं उघडलं आणि त्यातून पाच बाह्या काढल्या. कापड पातळ, राखी रंगाचं, कोपरापाशी नऊ बटणं, मनगटापाशी मुगाएवढा दिवा.

"आई, कोपराच्या आत एक बंध असतो," ती म्हणाली. "विहिरीच्या दोरासारखा समजा."

"दोर मला शिकवू नकोस. पोहरा कुणी ओढलाय, तू का मी?"

"तुम्हीच. मग तुम्हाला कळेल. दोर एकदम तुटतो का? आधी आतला एक धागा जातो. मग दुसरा. बाहेरून दोर धडधाकट दिसतो. पण प्रत्येक धागा तुटताना आवाज होतो. माणसाच्या कानाला येत नाही इतका बारीक. ही बटणं तो ऐकतात."

पुढचं तिनं पोरींना सांगितलं, मी सुपारी कातरत ऐकलं. दर रविवारी ती आवाजाच्या लहरींनी कोपराचं चित्र काढणार होती. चित्रात दोर किती जाड आहे ते दिसतं, धागा गेलेला दिसत नाही. तो ऐकावाच लागतो. म्हणून बाही सहा आठवडे दिवसभर हातावर हवी. चित्र आणि आवाज एकत्र करून संगणकात त्याच कोपराचं जुळं भावंड तयार होतं. मग पुढच्या हंगामाचे सगळे चेंडू त्या जुळ्याकडून आजच टाकून घ्यायचे. ते जिथं तुटेल तिथं आकडा थांबतो. एवढे चेंडू शिल्लक. मग त्या आकड्यांवरून फेरा लावायचा.

"आणि हे सहा आठवडे हाताला पूर्ण विश्रांती," ऋजुता म्हणाली. "गोफणसुद्धा नाही. विशेषतः ईश्वरीला."

ईश्वरी माझ्या लेकीची लेक. एकोणीस वर्षांची. सात वर्षांची असताना मी तिच्या हातात गोफण दिली. गेल्या हंगामाच्या शेवटी चषक हातातून जात होता तेव्हा मी तिला तीन सामने दोन-दोन दिवसांच्या अंतरानं टाकायला लावले. चषक आला. तिचा हात आठवडाभर भाकरी मोडत नव्हता, ते मी बाहेर कुणाला कळू दिलं नाही. ऋजुताला कळलं होतं. 'विशेषतः' म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही, तेवढी रीत तिला आहे.

*

बाह्या चढल्या आणि माझ्या ओसरीवरची वर्दळ आटली. आधी सराव संपला की पोरी माझ्याकडं यायच्या, "आक्का, जरा बघा," म्हणून हात पुढं करायच्या, त्या निमित्तानं घरच्या कागाळ्या सांगायच्या. कुणाची सासू कशी, कुणाचा भाऊ कसा, मला सगळं ठाऊक. आता त्या परसातल्या ऋजुताच्या खोलीपुढं रांग लावायच्या. आतून हसण्याचे आवाज. मी तेलाची वाटी ऊन करायची, ती निवायची, मी परत ऊन करायची.

रेश्मा मुलाणी, आमची दुसऱ्या नंबरची पिचर, एकदा चुकून ओसरीवर आली.

"काय गं, वाट चुकलीस?"

"नाही आक्का, वहिनींचा चार्जर राहिला इथं."

"घेऊन जा. आणि जाताना माझ्या वाटीतला किडा काढ, तुम्हाला तेवढंच काम उरलंय माझ्याकडं."

ती हसली. मी हसले नव्हते.

ईश्वरी तर मामीच्या जिभेनंच बोलायला लागली. मामी म्हणते सकाळी मोड खावेत. मामी म्हणते खांदा आधी फिरवावा. एक दिवस मी विचारलं, "आणि आज्जी काय म्हणते?" तर म्हणाली, "तू काय म्हणतेस?" आणि खरोखर उत्तराची वाट बघत राहिली. बारा वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं, मी बोलतच होते.

मत्सर म्हणतात तो कसा असतो ते सांगते. सवत आली तर निदान भांडता तरी येतं. इथं सून माझ्या पाया पडत होती, माझ्या गोळ्या वेळेवर देत होती, आणि एकेक हात माझ्या मांडीवरून उचलून नेत होती.

मार्गशीर्षात भोरड्या आल्या. कणसात दूध भरलं की या पाखरांचे थवे उतरतात, आभाळ काळं होतं, आणि दोन दिवसांत पट्टा झोडून नेतात. सगळ्यांनी ड्रोन आणले होते. पहिल्या वर्षी पाखरं भ्यायली, दुसऱ्या वर्षी ओळख झाली, आणि यंदा मी डोळ्यांनी बघितलं, ड्रोन खाली बांधावर टेकला की त्याच्यावर बसून भोरड्या पंख साफ करत होत्या. गोफणीला मात्र पाखरू अजून भितं. दगड कुठून येईल ते त्याला कळत नाही.

मी ईश्वरीला म्हटलं, "चार दिवस ये माळ्यावर."

"आज्जी, बाही आहे."

"काढून ठेव."

"काढली की ती बोंबलते. ऊबदार हातावर नसली तर मामीच्या फोनवर घंटा वाजते."

"माझा हात काय थंड पडलाय?"

ती तोंडाला पदर लावावा तसं ओढणी लावून हसली. आम्ही दोघी हसलो. बरेच दिवसांनी ती माझ्याकडं बघून हसली होती, आणि त्या हसण्यासाठी मी आणखी काहीही केलं असतं.

माळा म्हणजे चार खांबांवरचं मचाण. ती वर, मी खाली सावलीला. बाही माझ्या उजव्या हातात चढवलेली. सकाळी सात ते दहा ती गोफण फिरवायची, दगड सुटताना चाबकासारखा आवाज व्हायचा, थवा उठायचा. मी खाली बसून सुपारी कातरायची. दिवा हिरवा. बाही ऊबदार होती, हाताला धरून बसल्यासारखी. तीन तासांनी त्या मुगाएवढ्या दिव्यानं दोनदा डोळा मिचकावला. ईश्वरी वरून म्हणाली, "म्हणजे शाब्बास, उत्तम विश्रांती." खोटं कशाला लिहू, मला गुदगुल्या झाल्या. सुनेचं यंत्र मला शाब्बास म्हणत होतं आणि सुनेला ठाऊक नव्हतं.

चार दिवसांचे पंधरा झाले.

*

अमावस्येच्या आठ दिवस आधी ऋजुतानं आकडे काढले. सगळ्यांना ओसरीवर बोलावलं, माझ्या मानासाठी असेल. शाळेच्या पाटीएवढा पडदा भिंतीला टेकवला. त्यात कोपरांची चित्रं, आत दोर पांढरा.

"ईश्वरी, दोन हजार शंभर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता पण कान लाल झाले होते. "मला भीती होती गेल्या हंगामाची. पण हाताची विश्रांती इतकी सुरेख झालीय की दोर सावरलाय. आई, तुम्ही म्हणत होता तेच. पहिला नंबर ईश्वरीचा."

मी गावभर आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा पहिली माझी नात. म्हणजे झालं ते माझ्या मनासारखंच. पोरींनी टाळ्या वाजवल्या. रेश्मा म्हणाली, "वहिनी, बाही भारी निघाली." दुसरी म्हणाली, "बाहीनं सांगितलं म्हणजे पक्कं." आक्कानं सांगितलं होतं, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. माझ्या घरात, माझ्या ओसरीवर, माझ्या नातीचा मान माझ्या सुनेनं वाटला.

पोरी गेल्यावर मी ईश्वरीला म्हटलं, "आण हात."

"मामीनं बघितलाय आज्जी."

"मी नाही बघितला."

ती बसली, पण पायात बूट मोजे तसेच. थंडी आहे म्हणाली. मार्गशीर्षातल्या भर दुपारी. मी अंगठा दाबला. कोपराच्या आत हरभऱ्याएवढी जागा ऊन लागली, पिकल्या आंब्यासारखी दबली. तोंड तिचं हसरं. बुटात काय चाललंय ते बुटालाच ठाऊक.

तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, पोरीला माझी पायाच्या बोटांची विद्या ठाऊक आहे, कधीपासून कोण जाणे. दुसरी, ती लपवतेय.

मी तेलाची वाटी उचलून आत गेले. पुढचे आठ दिवस मी काय विचार केला तेही लिहिते, कारण चांगलं तेवढंच लिहायचं तर वही कशाला हवी. मी विचार केला, तुटू दे. मोठ्या मैदानात, सगळ्यांच्या देखत, दोन हजार शंभरवाली तिसऱ्या सामन्यात खाली बसू दे. मग ह्या बाह्या चुलीत जातील आणि रांग परत माझ्या ओसरीवर लागेल. विचार पुरा झाला की पोरीचं तोंड दिसायचं, मग मी उठून गोठ्यात चक्कर मारायची. परत बसले की विचार तिथंच बसलेला, माझी वाट बघत.

*

अमावस्येला कोप घातली, पाच दगड मांडले, चुना लावला. पूजा झाली, जेवणं झाली. पोरी अनवाणी काळ्या रानात बसल्या. ऋजुतानं पडदा कोपेला टेकवून ठेवला होता. नंबर ठरलेलेच होते. मी फक्त नावं द्यायची, रीत म्हणून.

एकेक हात मांडीवर आला. चौघींची बोटं शांत. ईश्वरी शेवटी आली. पाय तिनं घागऱ्याखाली ओढून घेतले.

"पाय पुढं कर," मी म्हटलं. "पांडवांपुढं पाय मोडून बसत नाहीत."

असं काही नसतं. पण आज्जीच्या देवाला नातीनं नाही म्हणायची पद्धत नाही. तिनं पाय पुढं घेतले. मी बाही मनगटापर्यंत खाली सारून दाबलं. दहाही बोटं वळली आणि ढेकूळ फोडून मातीत घुसली. तोंड हसरंच.

मी पाचव्या दगडाचं नाव दिलं. चौथ्याचं, तिसऱ्याचं, दुसऱ्याचं. मग पहिला दगड उचलला आणि ओटीत टाकला.

मांडलेला पांडव उचलत नाहीत, हे लहान लेकरालाही कळतं.

"आई?" ऋजुता म्हणाली.

"ईश्वरी यंदा टाकणार नाही."

"का?"

"अंगठ्याला लागलं."

ऋजुता पुढं आली. "आई, मी आठ वर्षं तुमचं ऐकलं. बाहीनं तुमच्या मनाविरुद्ध सांगितलं असतं तर मी समजले असते. पण तुमचंच म्हणणं तिनं खरं केलं. तरी तुम्हाला ते मोडायचंय. केवळ मी बोलले म्हणून?"

"मामी, थांब," ईश्वरी म्हणाली. ती उभी राहिली होती. "आज्जी, मला खरं सांग. नंबर मामीनं दिला म्हणून काढून घेतेस ना? तू दिला असतास तर राहिला असता."

पोरी जमिनीकडं बघत होत्या. एकीचाही माझ्यावर विश्वास नव्हता. आणि का असावा? सहा आठवडे मी ओसरीवर बसून जळत होते, गावानं बघितलं होतं. आज मी खरं बोलले तर ते जळण्याच्याच वासाचं लागणार. बारा वर्षांचा अंगठा माझ्या मत्सरानं दोन महिन्यांत फुकट घालवला होता.

ईश्वरी माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत राग होता आणि खाली विनवणी होती: बोलू नकोस.

"ऋजुता," मी म्हटलं, "सकाळी सात ते दहा बाहीनं काय ऐकलं ते काढ."

"विश्रांती. रोजची."

"निस्ती विश्रांती?"

तिनं पडद्यावर बोट फिरवलं. सपाट रेघ आली. रेघेवर मधून मधून बारीक टोक, पुन्हा टोक, मग थोडं थांबून पुन्हा. "हे आहे. मनगटाची हालचाल. मी धरलं की ही फोन चाळतेय."

"ईश्वरी, तुझी बाही आण."

ईश्वरीच्या हातातली बाही मी स्वतः काढली. ती विरोध करेना, हात जड झाल्यासारखा सोडून दिला तिनं. मी बाही माझ्या हातात चढवली, कनवटीचा अडकित्ता काढला, आणि सुपारी कातरली. कट. कट. थांबून, कट.

पडद्यावर तीच टोकं उमटली. तेवढ्याच अंतरानं.

ऋजुता पडद्याकडं बघत राहिली. मग माझ्या हाताकडं.

"पंधरा सकाळी," मी म्हटलं. "बाही माझ्या हातात होती. ही माळ्यावर गोफण मारत होती. मीच बोलावली. तिची चूक नाही, मी म्हटलं म्हणून आली. तुझी बाही खोटी नाही. तिनं म्हातारीचा हात ऐकला आणि म्हातारीला विश्रांती आहे असं सांगितलं."

रेश्माला हसू आलं असावं, तिनं खोकला काढला.

मला वाटलं होतं सून आता बोलेल. आठ वर्षांचं साठलेलं काढेल. मी तयार होते. तिनं तोंड उघडलं असतं तर माझ्याजवळही उत्तरं होती, ती मी आठ दिवस घासून ठेवली होती. तिनं विचारलं, "रोज किती दगड?"

"एक पाटी. सव्वाशे."

"केवढे?"

मी ओटीतला पहिला पांडव काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो तोलून बघितला, गोफणीची दोरी केवढी, फेरे किती, सुटताना कोपर वर का खाली, सगळं विचारलं. मी सांगितलं ते तिनं संगणकात भरलं. पडद्यावरच्या जुळ्या कोपरानं पंधरा सकाळी दगड मारले, मग विश्रांती घेतली, मग शिमग्यानंतरचा पहिला सामना टाकला. ऐंशी. दुसरा. एकशे साठ. पांढऱ्या दोरात तांबडा धागा चढत होता. तिसऱ्या सामन्यात सत्तराव्या चेंडूला दोर मधोमध विलग झाला. आवाज काही झाला नाही. आकडा थांबला: दोनशे तीस.

"शस्त्रक्रिया, दीड वर्ष," ऋजुता हळू म्हणाली. "नंतरही भरवसा नाही. पण यंदा एकही चेंडू टाकला नाही तर दोर सांधेल. ईशू, एक हंगाम. एकच."

ईश्वरी मला म्हणाली, "मी तुझ्यासाठी आले होते माळ्यावर. आणि तू सगळ्यांपुढं..." तिनं ऋजुताच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. माझा खांदा तिथून दोन हातांवर होता.

पहिला पांडव परत जागेवर ठेवून त्याला रेश्माचं नाव दिलं, बाकीच्या एकेक जागा वर सरकल्या आणि पाचवा दगड यंदा नावाशिवाय राहिला. तिची आई लांब उभी होती, तिचं चालणं तिथंच बदललं.

परतताना ऋजुता मागं राहिली. "आई, चित्रात दिसलं नाही, बाहीला ऐकू आलं नाही. अंगठ्याला कसं लागलं?"

"ते तुझ्या पुण्यात शिकवलं नाही?"

"नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं.

*

शिमगा झाला. पहिला सामना सोलापुरात होता, दिवस मावळताना, ऊन उतरल्यावर. ईश्वरी फलाटासारख्या लांब बाकावर ऋजुताशेजारी बसली होती. मांडीवर पडदा, त्यावर रेश्माचं कोपर. चेंडू पडला की दोघी एकदम वाकायच्या. अडीच महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती: आज्जी जेव, आज्जी सर, आज्जी दिवा लाव. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या पिशवीत तेलाची बाटली होती, का आणली होती मलाच ठाऊक नाही.

रेश्मानं पाच इनिंग छान टाकल्या. टाळ्या झाल्या. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं. मी त्या दोघींची वाकलेली डोकी मोजत होते.

सहाव्या इनिंगच्या मधल्या वेळात ईश्वरी उठली. माझ्यापर्यंत आली, खाली बसली आणि उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. बाही हातात होती.

"ती काढ," मी म्हटलं.

"काढणार नाही. वरूनच बघ."

"कापडावरून काय डोंबल लागणार?"

"बघ तरी."

मग माझ्या लक्षात आलं. तिनं बूट काढले होते. मोजेही. पाय माझ्यापुढं सरळ पसरले होते, मैदानाची तांबडी धूळ लागलेले.

मी बाहीवरून अंगठा दाबला. अंगठ्याला कापड लागलं, बटणं लागली, दुसरं काही नाही. दहाही बोटं आभाळाकडं तोंड करून शांत होती. करंगळी जरा हलली, ती माशीमुळं.

"काय म्हणते बाही?" मी विचारलं.

"मामी म्हणते, सांधतोय." मग, "आज्जी काय म्हणते?"

"सांधतोय," मी म्हटलं.

मान वर केली तर बाकाच्या त्या टोकाला ऋजुता पडदा हातात धरून आमच्याकडं बघत होती. तिची नजर पोरीच्या कोपरावर होती, जिथं माझा अंगठा होता. काय बघते ही म्हातारी, काय लागतं हिला, आणि पोर उठून तिकडंच का गेली, असं सगळं त्या नजरेत होतं. मी ती नजर लगेच ओळखली. दिवाळीपासून ती माझ्याच तोंडावर होती.

मी अंगठा काढला नाही. सातवी इनिंग सुरू झाली तरी काढला नाही.